आठ नंबरचे पाय

"ओत अजून. घाबरतोस काय?" नेव्हिल म्हणाला.

मिकने किटली वाकवली. कढत पाणी बादलीत पडलं आणि नेव्हिलने दात घट्ट आवळले. तो बादलीत उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात कोरे करकरीत बूट आणि नाड्या करकचून बांधलेल्या. बूट त्याचे नव्हते. ते रॉथेनशॉ टाउन फुटबॉल क्लबच्या कॅप्टनचे, डग हॅल्सॉलचे होते.

"दुखतंय का रे?"

"दुखायला काय झालं? मस्त शेक बसतोय."

"मग तोंड असं का केलंयस, एरंडेल प्यायल्यासारखं?"

"तोंडच तसं आहे माझं. तू ओत."

त्या काळी फुटबॉलच्या बुटाचं चामडं म्हणजे निव्वळ फळकूट. नवा बूट घालून कुणी थेट मैदानात उतरला तर सामना संपेपर्यंत त्याच्या टाचांची सालटी निघालेली असायची. म्हणून आमच्याकडच्या सगळ्या क्लबांत एक रीत होती. मोठ्या खेळाडूने नवे बूट घेतले की ते आधी एखाद्या शिकाऊ पोराच्या पायात जायचे. पोराने ते घालून गरम पाण्यात उभं राहायचं, मग तसेच ओले बूट घालून मैदानाभोवती धावायचं आणि ते पायातच वाळू द्यायचे. चार दिवस हे केलं की चामडं नमायचं आणि बूट मालकाच्या पायात जायचे. पोराच्या पायांचं काय व्हायचं, ते कुणी विचारत नसे. पोरंही सांगत नसत, कारण रडक्या पोराला क्लबात कोण ठेवणार?

डगला तर याची फारच गरज. डोक्याने चेंडू मारायला तो भिंतीसारखा उभा राहायचा, पण त्याच्या पायांना जागोजागी कुरुपं होती. नवा बूट म्हणजे त्याला शिक्षाच.

दोन वर्षांपूर्वी नवी पोरं क्लबात आली तेव्हा सगळ्यांना बोळात एका रांगेत उभं केलं होतं. प्रशिक्षकांनी खांदे बघितले, मांड्या बघितल्या. डग मात्र मान खाली घालून नुसते पाय बघत गेला.

"आठ नंबर कुणाचा?" त्याने विचारलं.

नेव्हिलचा हात आधी वर गेला आणि मिकचा त्याच्या मागोमाग. तेवढ्या फरकाने दोघांची नशिबं वेगळी झाली.

"तू," डग नेव्हिलला म्हणाला. "आजपासून तू माझा."

कॅप्टनचा पोरगा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. नेव्हिलला कुणी त्रास देईना. सराव संपला की डग त्याला थांबवून घ्यायचा, चिखलात उभा राहून त्याच्या डोक्यावर चेंडू टाकत राहायचा. "डोळे मिटू नकोस रे शहाण्या! चेंडू काय तुझा मुका घ्यायला येतोय?" असं ओरडायचा. घरी जाताना आपल्या गाडीतून सोडायचा. मॅनेजर टीजडेल साहेबांकडे त्यानेच शब्द टाकला, म्हणून सतरा पूर्ण होताच नेव्हिल पगारी खेळाडू झाला आणि मिक अजून शिकाऊ पोरांबरोबर संडास धूत होता. पगारी झाल्यावर दुसऱ्याचे बूट नरम करायचं काही कारण नव्हतं. पण डगने दुसरं पोर घेतलं नाही, आणि नेव्हिलनेही त्याला तसं सुचवलं नाही.

घोटाळा झाला तो गेल्या उन्हाळ्यात. नेव्हिल वाढला. खांदे वाढले, उंची वाढली, त्याबद्दल सगळे खूष होते. पण पायही वाढले. आठाचे नऊ झाले.

हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. स्वतःचे बूट नऊ नंबरचे घेतले आणि तळव्यावरचा आकडा चाकूने खरवडून टाकला. डगने बूट दिले की बोटं मुडपून आत कोंबायची, नाड्या ओढायच्या आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. ख्रिसमसच्या आधी उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. मग ते मांसात शिरलं. आता फेब्रुवारी लागला होता आणि अंगठ्यातून पाणी येत होतं, वासही येत होता. सामन्यानंतर मोठ्या हौदात सगळे एकत्र अंघोळीला उतरायचे, तेव्हा नेव्हिल काहीतरी काम काढून मागे राहायचा. सगळे गेले की गार झालेल्या गढूळ पाण्यात एकटाच उतरायचा.

"तुझा पाय वाढलाय का रे?" मिक बादलीकडे निरखून बघत होता. "टाच बघ कशी बाहेर यायला करतेय."

"काहीतरीच बडबडू नकोस."

"नाही, खरंच. वाढला असेल तर सांग बाबा. माझा अजून आठच आहे, आमच्या आजीसारखा. मी घेतो डगचं काम."

"हात तरी लावून बघ या बुटांना," नेव्हिल म्हणाला. ते हसत म्हणायचं ठरवलं होतं, पण हसू काही आलं नाही.

तेवढ्यात दार ढकलून डगच आत आला. नाक दोनदा मोडून एका बाजूला गेलेलं, हातात चहाचा मग. त्याने वाकून बादलीत हात घातला आणि अंगठ्याने बुटाचं चामडं दाबून पाहिलं. बरोबर नेव्हिलच्या अंगठ्यावर. नेव्हिलच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"वा! लोणी झालंय," डग म्हणाला. "तुझ्यासारखे पाय देवाने दुसऱ्या कुणाला दिले नाहीत, नेव. आता नीट ऐक. हॅरॉल्डची पाठ धरलीय, शनिवारी तो उभाही राहू शकणार नाही. साहेब उद्या सांगतीलच, पण मी आधी सांगतो. त्याचा सहा नंबरचा शर्ट तुझा. बचावात माझ्या शेजारी खेळायचंस."

मिकने किटली खाली ठेवली. नेव्हिल बादलीत तसाच उभा. त्याला रडू आलं, आणि ते कशाचं ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

"काय रे, भाव खातोस का? बोल की!"

"येस, कॅप्टन," नेव्हिल म्हणाला.

घरी आई, विनी, चुलीशी उभी राहून बटाटे तळत होती. ती गावातल्या सपातांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर होती. आमच्या गावातल्या निम्म्या बायका तिथेच असायच्या. बाप परसातल्या खुराड्यात. माणसांपेक्षा कबुतरांशी जास्त बोलणारा माणूस तो. नेव्हिलने बातमी दिली तशी आईने झारा सोडून त्याला मिठी मारली, मग एकदम मागे सरकून त्याच्याकडे पाहिलं.

"लंगडतोयस का?"

"नाही गं."

"जिन्यावर पाऊल ऐकलं मी. एक पडतं, एक घासतं. दाखव पाय."

"आई, काही नाही झालेलं. नवे बूट आहेत, चावतात जरासे."

"जगभरच्या पायांसाठी दिवसभर मशीनवर मान मोडायची, आणि पोटच्या पोराचा पाय बघायचा नाही? काढ मोजा."

तिने खुर्ची ओढली. नेव्हिल तिला दाखवणारही होता. गुडघ्यात वाकून त्याने नाडीला हात घातला होता. तेवढ्यात मागचं दार उघडून बाप आत आला. कोटावर पिसं चिकटलेली.

"शनिवारी ना?" बाप म्हणाला. "मी येतो."

आई बघतच राहिली. इतक्या वर्षांत त्याने पोराचा एकही सामना पाहिला नव्हता. फुटबॉल म्हणजे बावीस रिकामटेकड्यांचा धिंगाणा, असं त्याचं ठाम मत होतं. नेव्हिलने नाडीवरचा हात काढला.

"बटाटे करपतायत, आई," तो म्हणाला.

शनिवारी मैदान गोठलं होतं आणि वर नुसता चिखलाचा लेप. नेव्हिलने संडासात कडी लावून अंगठ्याला कापूस गुंडाळला, वर चिकटपट्टी, वर दोन मोजे. स्वतःच्या नऊ नंबरच्या बुटातही पाय आता जेमतेम मावत होता, इतका सुजला होता. बाहेर पडताना डगने त्याच्या मानेवर हात ठेवला. डगच्या पायात तेच बूट होते, मऊसूत झालेले.

आणि पोरगा खेळला, खरंच खेळला. हे मी सांगतो म्हणून नाही, त्या दिवशी मैदानावर असलेल्या कुणालाही विचारा. समोरच्या संघाचा ग्रेगसन नावाचा लाल केसांचा आडदांड गडी होता, गोल मारण्यात पटाईत. नेव्हिलने त्याला एकदाही वळू दिलं नाही. उंच आलेला प्रत्येक चेंडू डोक्यावर घेतला, डोळे उघडे ठेवून. पाय जमिनीला टेकला की कळ मस्तकात जायची, म्हणून तो जमिनीवर कमी आणि हवेत जास्त राहिला. दुसऱ्या अर्ध्यात एका झटापटीत ग्रेगसनचा पाय त्याच्या उजव्या पायावर पडला. खेळात असं रोज होतं. नेव्हिल कोसळला, मिनिटभर चिखलात तोंड खुपसून पडला, आणि उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचा संघ एका गोलने जिंकला.

बाप फाटकापाशी उभा होता. "कबुतरं सोडून आलो," तो म्हणाला. थोडा थांबला. "बरं झालं आलो." त्याच्यासाठी हे भाषणच.

टीजडेल साहेबांनी जाता जाता नेव्हिलच्या पाठीवर थाप मारली. "मंगळवारी पुन्हा तूच."

हौदात शेवटी उतरायला नेव्हिल एकटाच राहिला होता. मालिश करणारा म्हातारा बर्ट टॉवेल गोळा करायला आला आणि त्याला खाली पडलेला मोजा दिसला. बोटांकडचा भाग रक्ताने आणि कशाकशाने माखलेला.

"हे काय रे?"

नेव्हिलने पाय पाण्याखाली घेतला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"ग्रेगसनने तुडवलं," तो म्हणाला.

"च्यायला त्या ग्रेगसनच्या! बघू."

"नको, बर्ट. साहेबांना कळलं तर मंगळवारी बसवतील. प्लीज."

बर्ट स्वतः कधीकाळी खेळलेला. त्याला मंगळवारचा अर्थ कळत होता. त्याने आयोडीनची बाटली काठावर ठेवली आणि तो निघून गेला. पण बर्टच्या पोटात काही राहत नसे. सोमवारी सकाळपर्यंत अख्ख्या क्लबाला कळलं की ग्रेगसनने मुद्दाम पोराचा पाय चिरडला.

रविवारी नेव्हिल अंथरुणातच होता. सर्दी झाली म्हणाला. सोमवारी सरावाला गेला आणि कसाबसा परत आला. संध्याकाळी आई कामावरून आली तर तो न्हाणीघराच्या फरशीवर पडलेला, अंग भट्टीसारखं तापलेलं. तिने मोजा कापून काढला. पायावरून एक लाल रेघ गुडघ्याच्या वर गेली होती. विनी रस्त्यावर धावत सुटली, पायात सपाता, तशीच, आणि शेजारच्या दूधवाल्याची गाडी घेऊन आली.

इस्पितळात डॉक्टर तरुण होता. त्याने बराच वेळ पाय हातात धरून ठेवला.

"हे शनिवारचं नाही," तो म्हणाला. "हाडापर्यंत गेलंय. आठवडेच्या आठवडे चाललं असणार. बूट घट्ट होते का तुझे?"

खाटेच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाप.

"नाही," नेव्हिल म्हणाला.

आधी औषधं देऊन पाहिली. मग अंगठा काढला. मग पुन्हा आत नेऊन पायाचा आणखी थोडा भाग आणि शेजारचं बोट काढलं. नेव्हिलला शुद्ध आली तेव्हा त्याला दोन्ही बोटं दुखत होती, आणि ती तिथे नव्हती. त्याने मंगळवारच्या सामन्याचं काय झालं, ते विचारलं. हरलो, असं नर्सने सांगितलं.

टीजडेल साहेब एकदा द्राक्षं घेऊन आले. पांघरुणाकडे न बघता बोलत राहिले. "तरुण आहेस तू. क्लब तुला विसरणार नाही. फाटकावर, तिकिटांवर, कुठंतरी बघू." जाताना द्राक्षांची पिशवी चुकून परत घेऊन निघाले होते, दारातून वळून ती ठेवून गेले.

डग आला नाही. त्याची चिठ्ठी नाही, निरोप नाही. नेव्हिल दर वेळी दार उघडलं की मान वळवायचा. आईला ते दिसायचं आणि ती उशी सारखी करत बसायची.

तो आला ते घरी सोडायच्या दिवशी. आई औषधं आणायला खाली गेली होती. डग कोट घालून, केस चोपून, चर्चला निघाल्यासारखा दारात उभा राहिला.

"यायला उशीर केला," तो म्हणाला. "रिकाम्या हाताने यायचं नव्हतं मला."

हात तर रिकामेच होते. तो खाटेच्या कडेला बसला आणि त्याने आवाज खाली आणला.

"बुधवारी परतीच्या सामन्यात गाठ पडली त्या ग्रेगसनशी, त्यांच्या मैदानावर. सुरुवातीलाच चेंडू त्याच्याकडे आला आणि मी गेलो. चेंडूकडे बघितलंही नाही. नडगी मोडली त्याची, नेव. आवाज पार वरच्या रांगेपर्यंत गेला. मला हाकललं बाहेर, आता हा मोसम मी घरी. पण तुझं उट्टं फेडलं मी. म्हटलं, ते केल्याशिवाय पोराला तोंड कसं दाखवू?"

नेव्हिलला ग्रेगसनचा चेहरा आठवला. त्या झटापटीनंतर लाल केसांच्या त्या माणसाने हात पुढे करून त्याला चिखलातून उठवलं होतं. "लागलं का रे पोरा?" असं विचारलं होतं.

"परत खेळेल का तो?" नेव्हिलने विचारलं.

"कोण जाणे. त्याचं सोड तू." डग उठला. "चल, गाडी आणलीय. तुझे बूट कुठायत?"

"आईने नवे आणलेत. खाटेखाली."

"थांब, वाकू नकोस. मी घालतो."

"नको, कॅप्टन. मी घालतो ना."

"गप बस. दोन वर्षं माझ्या नाड्या बांधल्यास. मिक करतोय आता ते काम, पण तुझी सर नाही. रडतो सारखा."

डग गुडघ्यांवर बसला. गुडघे कडकड वाजले. त्याने खाटेखालून खोका ओढला. विनीने कारखान्यातल्या माणसाकडून खास करून घेतलेले मऊ चामड्याचे बूट होते, आतून लोकर. त्याने डावा बूट घातला, नाडी बांधली. मग उजवा उचलला. तो उलटा झाला आणि त्याच्या तळव्यावर, कोऱ्या पिवळ्या चामड्यावर, नऊचा ठसा होता.

डगने तो बघितला. मग नेव्हिलच्या डाव्या पायाकडे बघितलं, तिथे बूट बरोबर बसला होता.

"हे चुकीचे दिलेत आईने."

नेव्हिलला हो म्हणता आलं असतं, इथे पडून पाय सुजलाय म्हणता आलं असतं. पण इतके दिवस खोटं बोलून तो थकला होता.

"कधीपासून?" डगने विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

डग बूट हातात धरून तसाच बसून राहिला. उन्हाळ्यापासून आपण किती जोड घेतले, ते तो आठवत असावा. कुरुपांमुळे त्याला एक जोड फार दिवस चालत नसे.

"म्हणजे ग्रेगसनने..."

"त्याचा पाय पडला होता, कॅप्टन. पण नख त्याच्या आधीच काळं झालं होतं. कितीतरी आधी."

डगचा मोठा, वाकड्या नाकाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याने तोंडावरून हात फिरवला. त्या हातावर अजून बुधवारचं खरचटलेलं होतं.

"अरे गाढवा," तो म्हणाला. "बोलायचंस ना रे. एकदा तरी बोलायचंस."

"मग तुम्ही मिकला घेतलं असतं."

डगने मान वर केली. नाही म्हणायला तोंड उघडलं. नेव्हिल वाट बघत होता, त्याला ते ऐकायचं होतं. पण डग हॅल्सॉल कसाही असला तरी पोराच्या तोंडावर खोटं बोलणारा नव्हता. त्याने तोंड मिटलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मग त्याने नेव्हिलची टाच तळहातावर घेतली. ती इतकी अलगद धरली की नेव्हिलला कळलंही नाही. मोजा सरळ केला, बूट चढवला. पुढच्या पोकळ जागेत आईने कापूस भरून ठेवला होता. डगच्या जाड बोटांना नाडी ओवता येत नव्हती. दोनदा सुटली. शेवटी त्याने सैल गाठ मारली.

"घट्ट होतंय का?" त्याने विचारलं.

"नाही," नेव्हिल म्हणाला.

डग उठला नाही. तो तसाच गुडघ्यांवर राहिला, आणि बुटाचं पुढचं टोक अंगठ्याने हळूच दाबून बघत राहिला.